गोंगाटाला नाव-गाव असतं

ब्लॅक मेटल, म्हणजे हेवी मेटलची सैतानाचं नाव घेणारी कर्कश शाखा, ऐकतो असं सांगितलं की मला दोनच वाक्यं ऐकायला मिळतात. एक घरच्यांकडून: "असल्या गाण्यांवर बंदीच घातली पाहिजे." दुसरं, हेच संगीत ऐकणाऱ्या मित्रांकडून: "गाणं ऐक ना, गाणारा कसा का असेना!" वीस वर्षांत या दोन वाक्यांच्या मधलं तिसरं वाक्य क्वचितच कानावर आलं. सुरुवातीला मी मित्रांच्या बाजूने हिरिरीने भांडायचो. आता मला दोन्ही वाक्यं एकाच आळसातून आलेली वाटतात. पहिल्याला आवाज ऐकायचा नाही आणि दुसऱ्याला तो आवाज कुठून आला ते ऐकायचं नाही. हे संगीत, त्यातही त्याची प्रयोगशील आणि भूमिगत शाखा, जीव ओतून ऐकावी इतकी मोलाची आहे. आणि ज्याने तिला खरोखर लक्ष दिलं, त्याला ती कोणी वाजवली, कोणाच्या बाजूने आणि कोणाच्या विरोधात, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सूर टिपणारा कान आणि हा प्रश्न विचारणारा कान एकच आहे.

आधी आवाज. ज्यांनी हे कधी ऐकलेलं नाही त्यांना पहिल्या मिनिटाला फक्त खरखर ऐकू येईल. ड्रमर हातापायांनी मिनिटाला दोनशेच्या वर लयीत सलग ठोके देत राहतो, त्याला ब्लास्ट बीट म्हणतात. गिटारच्या तारेवर पिक इतक्या झपाट्याने वरखाली होतं की स्वर तुटतच नाही, थरथरत राहतो. गायक घसा आवळून किंचाळीच्या जवळचा आवाज काढतो. ध्वनिमुद्रण बऱ्याचदा मुद्दाम कच्चं ठेवलेलं असतं. खर्ज कमी, वरचा कर्कश भाग जास्त.

डार्कथ्रोन हा नॉर्वेतल्या दोघांचा बँड. १९९४ साली त्यांचा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' हा अल्बम आला. त्यातली सगळी वाद्यं फेन्रिझने एकट्याने, घरच्या चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर वाजवली आणि त्यावर नॉक्टर्नो कुल्टोने आवाज दिला. पहिलं गाणं सहा मिनिटांचं. ड्रम जवळजवळ शेवटपर्यंत एकच ठेका धरून चालतो आणि गिटार मोजक्याच ओळी फिरवत राहते. दोन मिनिटं काही घडत नाही. मग तिसऱ्या मिनिटाच्या आसपास वरून एक बारीक धून ऐकू यायला लागते. ती कुठल्याच वाद्यावर वाजत नसते. एकदा ती पकडली की गाण्याच्या सुरुवातीपासूनच ती होती हे लक्षात येतं. बदललेला असतो तो आपला कान.

असं का होतं हे मला मिरजेमुळे कळलं. मी मिरजेचा. शाळेच्या वाटेवर सतारमेकर गल्ली लागायची. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले वाळके भोपळे दाराशी रचलेले असायचे आणि आत कोणीतरी तंबोऱ्याची जवारी काढत बसलेलं असायचं. घोडीचा माथा कानशीने किंचित घासायचा, तार चढवायची, छेडायची, उतरवायची, पुन्हा घासायचा. मग तारेखाली सुताचा धागा सरकवायचा. एका जागी तार मुकी राहते. धागा केसभर पुढे सरकवला की ती एकदम उमलते आणि खर्जाच्या तारेतून गंधार बोलायला लागतो. तो कोणी वाजवलेला नसतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. लहानपणी तो ऐकू येईपर्यंत मी दप्तर पाठीवर घेऊन तिथे उभा राहायचो आणि शाळेला उशीर व्हायचा.

विद्युत गिटारचा आवाज अॅम्प्लिफायरमध्ये त्याच्या मर्यादेपलीकडे ढकलला की असंच काहीसं घडतं. मूळ स्वराचे उपस्वर उसळून वर येतात. दोन तारा एकत्र छेडलेल्या असतील तर त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून आणखी नवे स्वर निघतात. म्हणून बाकीचे हेवी मेटलवाले बहुधा षड्ज-पंचमाची जोडी वापरतात, कारण ती या माऱ्यातही स्वच्छ राहते. ब्लॅक मेटलवाले तिच्यात मुद्दाम कोमल गंधार घालतात. आवाज गढूळ होतो, आणि त्या गढूळपणातून न वाजवलेल्या धुना वर तरंगायला लागतात. तंबोरा आणि डार्कथ्रोन यांना मी एका पंगतीला बसवत नाही. पण 'स्वच्छ तेवढाच चांगला आवाज' ही समजूत आपल्याकडची नाही हे मला ठामपणे सांगायचं आहे. तारेने घोडीला घासून झणकारावं म्हणून मिरजेत पिढ्यानपिढ्या माणसं कानशी घेऊन बसली आहेत.

प्रयोगशील ब्लॅक मेटल इथून पुढे सुरू होतं. अमेरिकेत मिसूरी राज्यात अॅडम काल्मबाख नावाचा एकटा माणूस ज्यूट गाइट या नावाने संगीत करतो. २०१३ सालापासून तो सप्तकाचे १२ ऐवजी २४ समान भाग करून गिटार वाजवतो आहे. आमच्या शेजारच्या सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली २२ श्रुतींवर पुस्तक काढलं होतं आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्या मांडणीच्या पाठीशी उभा होता. त्या श्रुती एकमेकींपासून सारख्या अंतरावर नसतात; गळ्याला आणि तारेला जिथे विसावा मिळतो तिथे त्या असतात. काल्मबाखचे २४ भाग मात्र यंत्राने कापल्यासारखे सारखे आहेत, त्यामुळे त्यात विसावा कुठेच नाही. ऐकताना बोटीत उभं राहिल्यासारखं पायाखालचं हलतं. श्रुतींची सवय असलेल्या कानाला तर ते जास्तच जाणवतं, कारण जवळ कुठेतरी खरी जागा आहे हे त्या कानाला माहीत असतं आणि गिटार दर वेळी तिच्या बाजूने निसटून जाते. मला हे संगीत आवडायला वर्ष लागलं. आज ते लावलं की मी दुसरं काहीच करू शकत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोचा बोटॅनिस्ट गिटार वापरतच नाही. संतूरच्या जातीचं, लहान हातोड्यांनी वाजवायचं डल्सिमर तो त्याच खरखरीत अॅम्प्लिफायरमधून काढतो आणि गाणी वनस्पतींची असतात. फिनलंडचा ओरान्सी पाझुझू एकच आवर्तन इतका वेळ घुसळतो की काळाचं भान सुटतं. नॉर्मंडीच्या ब्लुट आउस नोर्डने २००३ साली गिटारी अशा वाकवल्या की तबकडी उन्हात वितळली असावी असं वाटावं. न्यूयॉर्कच्या लिटर्जीने ब्लास्ट बीटची अखंड सरळ रेघच मोडली. त्यांचा ठेका श्वासासारखा वाढतो आणि मंदावतो. यांतलं एकही काम भांडी घासताना किंवा लोकलमध्ये ऐकण्यासारखं नाही. मी आवाज कमी ठेवतो, कारण हे संगीत मोठ्याने लावलं तर कानाला इजा करेल इतकं कर्कश असतं. अंधार करतो आणि एक तबकडी सलग तीनदा ऐकतो. पहिल्यांदा भिंत ऐकू येते, दुसऱ्यांदा विटा, तिसऱ्यांदा त्यांच्यामधल्या फटी.

पण इतकं लक्ष द्यायला शिकलेला माणूस तेच लक्ष आवाजाच्या मालकापाशी आल्यावर बंद कसं करतो? मी स्वतः बरीच वर्षं ते बंद केलं होतं.

नॉर्वेत काय घडलं ते थोडक्यात सांगतो. ६ जून १९९२ला बर्गनजवळचं फांटोफ्टचं लाकडी चर्च जळून गेलं. बाराव्या शतकातलं ते बांधकाम १८८३ साली मूळ गावाहून उतरवून इथे आणून उभं केलेलं होतं. पुढच्या वर्षी वार्ग विकर्नेसच्या बर्झम या एकट्याच्या बँडची 'आस्के' ही रेकॉर्ड आली. आस्के म्हणजे राख. मुखपृष्ठावर त्याच चर्चचा जळका सांगाडा होता आणि सुरुवातीच्या प्रतींबरोबर एक लायटर दिलेला होता. ऑगस्ट १९९२मध्ये लिलेहामरला एम्परर बँडच्या ड्रमरने एका अनोळखी समलिंगी माणसाला भोसकून मारलं. त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली. १० ऑगस्ट १९९३ला विकर्नेसने मेहेम बँडच्या युरोनिमसचा, म्हणजे ऑस्लोत हेलवेटे नावाचं रेकॉर्डचं दुकान चालवणाऱ्या आणि 'आस्के' प्रसिद्ध करणाऱ्या त्याच्याच साथीदाराचा, खून केला. त्या खुनासाठी आणि काही चर्चं जाळल्याबद्दल १९९४ साली त्याला २१ वर्षांची शिक्षा झाली. २००९ साली तो सुटला.

त्याच १९९४ साली मेहेमचा 'डे मिस्टेरीस डोम साथानास' बाहेर आला. बर्गनच्या ग्रीगहालेन या संगीतगृहात तो आधीच ध्वनिमुद्रित झालेला होता. त्यात गिटार युरोनिमसची आहे आणि बास विकर्नेसचा. मारलेल्याची गिटार आणि मारणाऱ्याचा बास एकाच गाण्यात, एकमेकांना धरून वाजतात. युरोनिमसच्या आईवडिलांनी तो बास काढून टाका असं सांगितलं होतं. तो काढला गेला नाही. मी ही तबकडी पहिल्यांदा ऐकली तेव्हा बासकडे माझं लक्षही गेलं नव्हतं. या शैलीत तो मागेच असतो. हकीगत कळल्यावर एका रात्री मी फक्त बास शोधत ती पुन्हा ऐकली. गिटारच्या पडद्यामागून तो हळूहळू वर आला. उत्तम वाजवला आहे. त्या दोन माणसांनी आपल्या मुलाची शेवटची तबकडी कधी ऐकली असेल का आणि ऐकली असेल तर त्यांना त्यात काय ऐकू आलं असेल, हा विचार त्या रात्रीपासून माझी पाठ सोडत नाही. 'फक्त संगीत ऐक' म्हणणाऱ्या मित्राला मी हेच सांगतो: बास हा संगीताचाच भाग आहे. तो कोणाचा आहे हे ऐकू येणं हा ऐकण्याचाच भाग आहे.

माझे डोळे उघडले ते मात्र एका टी-शर्टमुळे. काही वर्षांपूर्वी मी जर्मनीत लाइपझिगला शाळेतल्या मित्राकडे गेलो होतो. सकाळी पाव आणायला निघालो तेव्हा अंगात पूर्व युरोपातल्या एका लहानशा बँडचा काळा टी-शर्ट होता. वर्षभर मी त्यांच्या कॅसेटी मन लावून ऐकत होतो. छातीवर गोल चिन्ह होतं, बारा वाकड्या आऱ्यांचं चाक. मित्राने दारातच अडवलं. "हे घालून खाली जाऊ नकोस. काय आहे माहीत आहे का तुला?" मला माहीत नव्हतं. त्याने सांगितलं की ही नाझी नेता हिमलरच्या एसएस संघटनेने वेवेल्सबर्गच्या किल्ल्यात फरशीत बसवून घेतलेली नक्षी आहे, काळा सूर्य, आणि आजचे नाझी एकमेकांना ओळखायला ती वापरतात. त्याच्या शेजारी एक वयस्क ज्यू बाई राहत होत्या. मी त्यांच्या दारावरून जिना उतरणार होतो.

आपल्या डोळ्यांना उंबऱ्यावरच्या, वहीच्या पहिल्या पानावरच्या स्वस्तिकाची सवय असते. त्यामुळे युरोपातल्या अशा खुणा आपल्याला टोचत नाहीत, नक्षी वाटतात. हे मी सबब म्हणून सांगत नाही. मी गिटारच्या उपस्वरांचा पाठलाग करत होतो आणि छातीवर काय छापलं आहे ते वर्षभर विचारलं नव्हतं. परत आल्यावर त्या कॅसेटींवरचे शब्द भाषांतर करून वाचले. त्यात जे होतं ते इथे लिहिणार नाही.

आता पुन्हा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर'. ज्या गाण्याचं मी इतकं कौतुक केलं त्या अल्बमच्या मागच्या बाजूला, पहिल्या आवृत्तीत, नॉर्वेजियन भाषेत तीन-चार शब्द छापलेले होते. त्यांचा अर्थ 'नॉर्वेजियन आर्य ब्लॅक मेटल'. आठपैकी चार गाण्यांचे शब्द तुरुंगात खटल्याची वाट पाहत असलेल्या विकर्नेसचे होते. अल्बमसोबत बँडने काढलेल्या निवेदनात ज्यूंबद्दल तुच्छतेचा शब्द होता. इंग्लंडमधल्या पीसव्हिल या त्यांच्या कंपनीने त्यावरून हात झटकले, बँडने सारवासारव केली आणि १९९५च्या पुढच्या अल्बमवर आपण नाझी किंवा राजकीय बँड नाही असं छापलं. पुढे मागच्या बाजूचं ते वाक्यही गेलं.

मित्र म्हणतात, बाविशी-तेविशीतली पोरं होती, खळबळ उडवायची होती. असेल. पण 'आर्य' हा शब्द मराठी माणसाने असा कानाआड करू नये. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त हा शब्द बाहेरून येऊन इथल्यांना दास करणाऱ्यांचं नाव म्हणून वाचला. ३० वर्षांनी, १९०३ साली, टिळकांनी आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ होतं असं मांडणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. उत्तरेतून आलेल्या थोर वंशाची ही कल्पना नंतर युरोपातल्या उजव्या विचारवंतांनाही हवीशी वाटली. म्हणजे नॉर्वेतल्या त्या पोरांनी कव्हरवर जो शब्द छापला, त्याच्यावरून आपल्याकडे दीडशे वर्षं भांडण चाललेलं आहे, आणि आपल्याकडे त्या भांडणाची किंमत कोणी मोजली हेही आपल्याला माहीत आहे. ज्या मराठी श्रोत्याला कव्हरवरचा हा शब्द 'तिकडचा मामला' वाटतो, त्याला तो इकडेही नीट ऐकू आलेला नाही.

शिवाय संगीताचा इतिहासच त्या शब्दाला खोटं पाडतो. ब्लॅक मेटल हे नाव इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या व्हेनमचं, १९८२ सालच्या अल्बमवरून घेतलेलं. युरोनिमसवर मोठा प्रभाव होता तो ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते शहराच्या सार्कोफागो बँडचा. तोंडाला पांढरं-काळं फासून, पट्टे आणि खिळे लावून १९८७ साली ते उभे होतेच. मेहेमच्या त्या अल्बमवरचा आवाज अतिला चिहार या हंगेरियन गायकाचा आहे. आणि युरोनिमसने आपल्या कंपनीकडून काढायला घेतलेल्या रेकॉर्डांमध्ये टोकियोच्या साय बँडचा पहिला अल्बम होता. तो बाजारात आला तेव्हा युरोनिमस जिवंत नव्हता. शुद्ध नॉर्डिक रक्ताचं म्हणून जे मिरवलं गेलं त्याच्या नसानसांत ब्राझील, हंगेरी, इंग्लंड आणि जपान आहे. हे भाषण करून पटवावं लागत नाही. रेकॉर्डी एकापुढे एक लावल्या की कानांनीच कळतं.

या द्वेषाला सगळ्यात जोरकस उत्तर बाहेरच्या कोणी दिलेलं नाही, त्याच शैलीतल्या प्रयोग करणाऱ्यांनी दिलं आहे. म्हणून मी प्रयोगशील शाखेच्या बाजूने इतका आग्रही आहे. केंटकीच्या कोळसाखाणींवर पॅनॉप्टिकॉनने २०१२ साली केलेला अल्बम घ्या. ऑस्टिन लन जवळपास सगळं एकटाच वाजवतो. बँजो आणि फिडलवर डोंगराळ भागातली लोकधून सुरू होते आणि तिच्यातूनच ब्लास्ट बीट उसळतो. मध्येच १९३१ साली हार्लन काउंटीतल्या खाणकामगारांच्या संपात फ्लॉरेन्स रीस या बाईने रचलेलं गाणं येतं: तू कोणाच्या बाजूचा? गिरणगावातल्या संपांच्या आणि शाहिरांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न भाषांतराशिवाय कळतो. नॉर्वेतल्यांनी जंगल आणि डोंगर 'आमचे' म्हणून गायले होते. लन विचारतो की डोंगर पोखरला कोणी, पैसे कोणाच्या खिशात गेले आणि फुप्फुसं कोणाची काळी झाली. ध्वनी तोच, पण डोंगराकडे बघायची जागा बदलली.

स्वित्झर्लंडचा मानुएल गान्यो याने इंटरनेटवर लोकांना विचारलं होतं की कोणत्या दोन शैली एकत्र करू. एकाने ब्लॅक मेटल सुचवलं आणि दुसऱ्याने काळ्या माणसांना दिली जाणारी वंशद्वेषी शिवी वापरून 'त्यांचं' संगीत सुचवलं. गान्योची आई आफ्रिकन-अमेरिकन. त्याने ती शिवी गिळली नाही आणि परतही केली नाही. त्यातून झील अँड आर्डर हा बँड केला. अमेरिकेतल्या गुलामांनी मालकाचा देव न स्वीकारता त्या देवाच्या शत्रूला हाक मारली असती तर त्यांची गाणी कशी असती, ही त्याची कल्पना. साखळदंडांचा खणखणाट ठेका धरतो, एक मोकळा आवाज उचलतो, बाकीचे ओढून घेतात आणि मग ती थरथरती गिटार येते. नव्वदच्या नॉर्वेत सैतान हा सुखवस्तू घरातल्या पोरांचा बंडाचा झेंडा होता. इथे त्या बंडाला कारण मिळालं. ऐकताना माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो.

याच संगीतातल्या निनावीपणाबद्दलही बोलायला हवं, कारण 'गाणाऱ्याकडे बघू नका' म्हणणारे त्याचाच आधार घेतात. भूमिगत बँडांत खरी नावं लपवण्याची रीतच आहे. पण लपण्याची कारणं सारखी नसतात. सौदी अरेबियातला अल-नमरूद बँड नावं लपवतो, कारण धर्मसत्तेविरुद्ध तिथे असं काही गाताना सापडलं तर जिवावर बेतू शकतं. ते देशात कधी जाहीर कार्यक्रम करू शकलेले नाहीत. कोलकात्याचे हीदन बीस्ट धर्माच्या राजकारणावर सरळ तुटून पडतात आणि खऱ्या नावांच्या जागी चार्वाक, सांख्य, मीमांसा अशी नावं घेतात. आणि फ्रान्सचा डेथस्पेल ओमेगाही निनावी आहे. २००४ नंतरचं त्यांचं काम रचनेच्या दृष्टीने या शैलीतलं सगळ्यात गुंतागुंतीचं आणि भारावून टाकणारं आहे, असं मी आजही म्हणतो. पण त्यांच्या गायकाच्या अतिउजव्या संबंधांची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे आणि बँडने तिला सरळ उत्तर क्वचितच दिलं आहे. पहिले दोघे सत्तेपासून लपतात, तिसरा श्रोत्याच्या प्रश्नापासून. मुखवटा सारखा दिसला तरी हा फरक ऐकणाऱ्याने करायलाच हवा.

मग मी स्वतः काय करतो? बर्झमची रेकॉर्ड विकत घेत नाही आणि जिथे ऐकण्याचे पैसे त्याच्या खात्यात जातील तिथे लावत नाही. विकर्नेसला २०१४ साली फ्रान्सच्या न्यायालयाने वंशद्वेष भडकवल्याबद्दल दोषी ठरवलं. ही विशीतली जुनी चूक नाही, त्याने जन्मभर चालवलेला धंदा आहे. पण त्याच्या 'फिलोसोफेम' या अल्बमचं संगीत टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. हेडसेटच्या साध्या माइकवर आवाज मुद्रित करून त्याने जे साधलं, त्याचे पडसाद मला आवडणाऱ्या निम्म्या बँडांत ऐकू येतात. वाईट माणसाच्या हातून वाईटच संगीत होतं असं म्हणून सुटका करून घेणं सोपं आहे, पण ते खोटं आहे. चांगलं संगीत द्वेषाला आत येऊ देतं, म्हणूनच सावध राहावं लागतं. डार्कथ्रोन मी ऐकतो आणि ऐकवतानाही त्या कव्हरची गोष्ट सोबत सांगतो. डेथस्पेलची एक जुनी सीडी माझ्याकडे आहे. नवीन घेतलेली नाही. तिचं काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. जे पैसे वाचतात ते मी लहान बँडांकडून थेट कॅसेट किंवा फाइल घेण्यावर खर्च करतो. या वर्तुळात शंभर-दोनशे प्रतींवर एखाद्या बँडचं पुढचं ध्वनिमुद्रण अवलंबून असतं, त्यामुळे इथे एका श्रोत्याच्या निवडीला खरोखर वजन आहे.

आणि बंदी? जानेवारी १९९३मध्ये बर्गनच्या मोठ्या वर्तमानपत्राने विकर्नेसची मुलाखत छापली. त्यात तो स्वतःचं नाव न सांगता चर्चच्या आगींबद्दल फुशारकी मारत होता. पाठोपाठ इंग्लंडमधल्या 'केरँग!' या संगीत साप्ताहिकाने त्यांना मुखपृष्ठावर घेतलं. घाबरलेल्या मथळ्यांनीच हे नाव जगभर नेलं. बंदीची ऑर्डर म्हणजे त्याहून मोठा मथळा. माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. 'भावना दुखावणारं संगीत' बंद करायचा कायदा आपल्याकडे हातात आला तर तो काळा सूर्य छापणाऱ्या परदेशी कॅसेटवाल्यावर चालणार नाही. तो पहिला चालेल चार्वाक हे नाव घेऊन गाणाऱ्या कोलकात्याच्या पोरावर. ज्या काकांना सगळंच बंद व्हावं असं वाटतं, त्यांना मी हे शांतपणे सांगून पाहिलं आहे. त्यांनी ऐकून घेतलं. मत बदललं नाही, पण साखळदंडांचं ते गाणं पूर्ण ऐकलं आणि शेवटी विचारलं, "हे गुलामांचं आहे ना?"

माझा भाचा अकरावीत आहे. गेल्या महिन्यात त्याने विचारलं, "मामा, कुठून सुरुवात करू?" मी त्याला सात नावं लिहून दिली. पॅनॉप्टिकॉन सगळ्यात वर होतं, ज्यूट गाइट सगळ्यात खाली, आणि डार्कथ्रोनच्या नावापुढे मागच्या कव्हरवरचे ते शब्द अर्थासकट लिहिले होते. बर्झम यादीत नव्हतं. आठवड्याभरात त्याने ते स्वतःच शोधून काढलं आणि मला फोन केला. तो चिडला होता. "तू मला हे सांगितलंच नाहीस. यादीतल्या अर्ध्या लोकांनी यांच्याकडूनच घेतलंय, ऐकू येतं सरळ. न सांगणं ही पण फसवणूकच ना?" त्याचं बरोबर होतं. पुढच्या रविवारी तो मिरजेला येतोय. दुपारी दोघं बसून 'फिलोसोफेम' ऐकणार आहोत, माझ्याकडच्या जुन्या कॉपीवरून, आणि फ्रान्समधल्या त्या निकालाची बातमी मी छापून ठेवली आहे. आधी काय, गाणं की बातमी, यावर आमचं अजून ठरत नाही. तो म्हणतो गाणं.